अठ्ठ्याऐंशी अँपिअर-तास

हिंगोण्याच्या शिवारात या आठवड्यात लाइन
रात्री बारानंतर. केळीला चालतं.
मॅचला नाही.

म्हणून खेमचंदनं ट्रॅक्टर बांधाला उलटा लावला,
बॉनेट उघडलं,
आणि मुबारक तडवीनं खिशातून दोन चिमटे काढले,
एक लाल, एक काळा.
'सर, तुम्ही सांगा. किती टाइम चालंन?'

मी सर नव्हे. सावद्याच्या शाळेत एकतीस वर्षं
प्रयोगशाळेत मदतनीस.
तारा मोजून द्यायचो, जळके फ्यूज वेगळे ठेवायचो,
फळ्यावर गणित दुसरंच कोणी मांडायचं.
पण रिटायर झालं की गावात सगळे सरच.

कागद नव्हता. केळीचं पान होतं,
आणि टूलबॉक्समध्ये एक खिळा.
टीव्ही पासष्ट वॅट, डबा बारा,
वांग्यांवर धरायला एक बल्ब, नऊ.
इन्व्हर्टर स्वतःच थोडं खातो, त्याचे धरले दहा.
शहाण्णव. भागिले बारा, आठ.
बॅटरी अठ्ठ्याऐंशीची, निम्म्याखाली उतरायचं नाही,
चव्वेचाळीस भागिले आठ.
साडेपाच तास.

ओरखडे दिसतच नव्हते. हिरव्यावर नुसतं ओलं.
'कुठी लिहिलं?' भावेशनं मान वाकडी केली.
थांब म्हटलं. चीक काळा पडायला वेळ लागतो.

छत्री बसवली सातपुड्याकडे पाठ करून,
पायाशी दोन दगड, वर युरियाची गोणी.
आला... गेला... आला, हात नको काढू!
पहिल्या सहा ओव्हर भावेशनं हात काढला नाही.

तिकडे तुरकाट्यांचा जाळ.
बामणोदची हिरवी वांगी, वीतभर लांब,
फुगून सुस्कारे टाकत होती.
इच्छाराम टीव्हीकडे पाठ करूनच बसला,
'मले फक्त स्कोर सांगा.
वांगं जयलं त रिप्ले नसतो.'

साडेपाच तास
एक तास चाळीस मिनिटांत संपले.
इन्व्हर्टर आधी कण्हला, मग शिटी मारू लागला.
बॉलर धावत निघालेला, हात वर गेलेला,
आणि पडदा काळा.
त्यात आम्हीच दिसलो, चौदा जण,
कडेला जाळ.

मग सगळ्यांनी मिळून माझ्याकडे पाहिलं.

मुबारकनं अंगठ्यानं बॅटरीवरची धूळ पुसली. तारीख निघाली.
'सात वर्षं झाली हिले, सर.'
वय मी कुठेच धरलं नव्हतं.

किल्ली फिरवली. टक्. पुन्हा टक्.
खेमचंद सीटवर, इच्छाराम बडगीपाशी,
उरलेले अकरा मागच्या चाकांना खांदे लावून,
तोंडात अजून कांद्याची पात,
नाल्याच्या उताराकडे, 'हाण! हाण रे भो!'
चिमटे काढायचे राहिलेच.
मुबारक इन्व्हर्टर छातीशी धरून बाजूनं पळत होता
लेकरू दवाखान्यात न्यावं तसा.

म्हणजे ढकलणारे दहाच. मी मोजण्यात पुन्हा चुकलो.

तिसऱ्या धक्क्याला पेटला.
थांबलो तर बंद पडेल, म्हणून खेमचंद थांबेचना,
सगळ्या बागेला वळसा घालून आला,
दिव्याच्या उजेडात घड एकामागून एक उजळत गेले
आणि पुन्हा अंधारात गेले.

टीव्ही लागला तेव्हा साबणाची जाहिरात.
मग सूट घातलेले तिघं, काचेच्या टेबलापाशी,
कोण जिंकलं हे सगळ्यांना ठाऊकच आहे
असं धरून बोलत होते.
इंजिनाच्या धडधडीत तेही ऐकू येईना.
'काय झालं?' इच्छारामनं विचारलं.
कोणी काही बोललं नाही.
त्यानं बडगीतलं भरीत खाली उतरवलं.

पानं मोजून कापलेली. माझ्यापुढे तेच आलं.
चीक आता तपकिरी झाला होता,
मोत्यासारखं अक्षर, शाळेतलं,
शेवटच्या ओळीखाली दोन रेघा.
भरताचं तेल ओरखड्यांत शिरत होतं.
'मिरची लागली का, सर?'
नाही म्हटलं. वाढ अजून,
इथे, या बाजूला.