सात नंबर

दुकानदार म्हणाला, साहेब, प्रो हेच वापरतात;
म्हणून तीन नंबरचं वुड.
वर्षभर राजवाड्याच्या मैदानावर मोरांनी ऐकलं:
खट्, आणि चेंडू
गवत चाटत वीस पावलं.

भूपत कॅडी कधी काही बोलला नाही.
एका गुरुवारी त्यानं पिशवीतून
कुणीतरी टाकलेलं सात नंबरचं काढलं,
आखूड दांडा, रुंद तळ, ढबू डोकं.
"आ माफ करे छे, शिर्केसाहेब."

टाचेवरच लागला.
तरी उठला, कडुलिंबाच्या वरून,
जरा उजवीकडे, पण गेला.

छत्तीस वर्षं ऑडिटमध्ये काढली मी.
एका पैशाची चूक सोडली नाही कुणाची.

त्या ढबू डोक्यावरचं गवत
अंगठ्यानं पुसत राहिलो.
भूपत केव्हाच पुढे गेला होता,
चेंडू शोधत.