दांड्यासगट

तीन रकाने. पुणे, सुरत, जळगाव.
आडव्या ओळींत फी, वसतिगृह, प्लेसमेंट, नाव,
आणि प्रत्येकाला मी दिलेला भारांक.
नावाला तीस, फीला वीस,
घरापासूनच्या अंतराला पाच.
पाचच का, ते विचारू नका.

सावद्यात रात्री साडेदहाला वीज जाते,
लॅपटॉपच्या उजेडात पुणे पहिलं येतं.
भारांक थोडे हलवले की सुरत.
आणखी हलवले की जळगाव,
गिरणेच्या पुलापलीकडचं, टेकडीवरचं,
जिथून माझी बीकॉमची गुणपत्रिका
दोनदा आली, दोन्ही वेळा फेगडेचं फेगाडे होऊन.

ललितभाऊजी म्हणाले, ब्रँड बघ.
पाच वर्षांनी काय शिकलीस कुणी विचारत नाही.
हेमांगीनं खराडीहून आवाज पाठवला,
दीड मिनिटाचा, त्यातलं एक मिनिट रिक्षाचं:
कॉलेज छान गं, कँटीन तर एकदम छान.
आता मी फोनवर कर्जं विकते.
तुला हवंय का?
ती हसली. मीही हसले, एकटीच, खोलीत.

फैजपूरच्या बँकेत साहेबांनी
साडेसात लाखांवर पेन्सिलीनं रेघ मारली.
याच्या वर तारण लागेल.
पुणे रेघेच्या वर होतं.

पप्पा केळीच्या काट्यावर असतात.
एकतीस वर्षं दुसऱ्याचा माल, दुसऱ्याची वही.
माहितीपत्रक घेऊन गेले तर ट्रक लागलेला,
खांद्यावर घड घेतलेली माणसं
आमच्या दोघांमधून ये-जा करत होती.
त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला,
सरासरी पगाराचा आकडा वाचला,
पुन्हा वाचला.

"हे दांड्यासगट हाय, का दांडा काढून?"

पप्पा, ही केळी नाहीत.

"म्हनूनच इचारतो.
वरच्या दोन फण्या भरल्या का
समदा घड चांगला दिसते.
ज्याले काहीच भेटलं नाही
त्याले कुठी मोजलं?"

घरी येऊन तीन फोन केले.
पुणे: मॅडम, सगळं ब्रोशरमध्ये आहे.
सुरत: विचारून कळवतो, बेन.
जळगावच्या बाबूंनी रिसीव्हर टेबलावर ठेवला,
कपाट उघडल्याचा आवाज आला,
कुणीतरी चहा विचारला, ते नको म्हणाले,
आणि परत येऊन वाचून दाखवलं:
एकसष्टपैकी तेवीस. बाकीच्यांचं माहीत नाही, ताई.

पप्पांना सांगितलं. ते खूश झाले.
"मानूस खरा हाय."
मग हात धुताना म्हणाले,
"पन काटा खरा असला म्हनून
माल पिकत नाही."

दोन दिवसांनी, रात्री पावणेनऊला, सुरतेचा फोन.
चौऱ्याहत्तरपैकी एकेचाळीस, बेन.
नऊ जण घरच्याच दुकानात बसले,
त्यांना धरायचं की नाही, तुम्ही ठरवा.

मी म्हटलं, तापी इथूनही जाते, तिथंही जाते.
पप्पा म्हणाले, नदीच्या भरवशावर
कोन नाव घालते कॉलेजात?

रोज पहिल्या ट्रकआधी
ते काटा रिकामा करून बघतात.
वर काहीच नसताना कधीकधी
तो दीड किलो दाखवतो.
मग ते खालचा स्क्रू फिरवतात, अर्धा वेढा,
कान लावून, घड्याळ दुरुस्त केल्यासारखं.

त्या रात्री मी भारांकांचा रकाना पुसला.
नावाला शून्य, फीला शून्य, अंतराला शून्य.
वर काहीच नव्हतं.
तरी सुरत दीड किलो जड.
स्क्रू मला सापडला असता.
मी शोधला नाही.

कर्जाच्या अर्जावर पप्पांनी सही केली
आणि सहीशेजारी केळीच्या चिकाचा
अंगठ्याएवढा काळपट डाग पडला.
साहेब म्हणाले, नवा फॉर्म घ्या.
पप्पांनी दोन्ही हात पालथे करून टेबलावर ठेवले.
"घेतो. पन त्याच्यावरबी पडीन."

साहेबांनी तोच घेतला.