काही किरकोळ सुधारणा

बटण मीच दाबलं होतं.
हे आधी सांगून टाकतो,
कारण हर्णै बंदरावर गोष्ट फिरते ती
कंपनीच्या नावाने फिरते, माझ्या नाही.

चंद्रभागा चोगले स्क्रीनगार्ड बसवायला आली.
काच पुसताना दिसलं, चार महिन्यांचं अपडेट थकलंय.
दुकानाचं वायफाय होतं, बाई ओळखीची,
म्हटलं, करून टाकू.
अर्धा तास ती बाकावर बसली पाटी मांडीवर घेऊन,
सुक्या जवळ्याचा वास माझ्या सगळ्या कव्हरांना लागला.
फोन उठला. नवे रंग, गोल गोल चित्रं,
आणि खाली बारीक अक्षरात:
काही किरकोळ सुधारणा केल्या आहेत.

चौथ्या दिवशी ती परत दारात.
"ही कोण बया मधीच बोलते?"

बया म्हणजे ती,
कॉल लागला की दोन्हीकडे ऐकू जाईल अशा
धुतल्या-वाळवल्या आवाजात सांगणारी:
हा कॉल आता रेकॉर्ड होत आहे.
आधी नव्हती.
आधी फोन मुकाट ऐकायचा,
वलांडीखाली मांजर बसतं तसा.

चंद्रभागेला लिहिता येत नाही. तिची वही तो फोन.
कराडचा तांबटशेठ सकाळी बोलणार एकशे ऐंशी,
टेम्पो भरला की एकशे साठ.
"मी कुठं बोललो ऐंशी?"
मग ती भांडायची नाही.
त्याचाच आवाज त्याला लावून द्यायची,
खोकल्यासकट.
तीन हंगाम असे गेले.

आता बया बोलली की शेठ गप्प.
"भावाचं समक्ष बघू, वहिनी."
समक्ष म्हणजे माल चढल्यावर.

मी सेटिंगं उपसली,
रात्री दोनपर्यंत जुनी आवृत्ती शोधत बसलो.
मागे जायचं तर सगळं पुसावं लागतं,
म्हणजे तीन हंगामांचा शेठही पुसला जाणार.
तसं तिला सांगितलं.
ती म्हणाली, "पण मी इकत घेतलाय ना रे?
हप्ते फेडलेत."
याच्यावर घालायचा सुटा भाग
माझ्या एकाही डबीत नाही.

गेल्या साली रहमान तांडेलाचा रेडिओ असाच गेला.
इयरफोनची वायर खोचली की
रेंज सुटल्यावरही हवामान लागायचं त्याला.
तो हसला नुसता. बापाचा ट्रान्झिस्टर
पिशवीत गुंडाळून नेतो आता.
एसटीने आमचा वरचा थांबा काढला तेव्हा
निदान खांबाला कागद चिकटवला होता.
भिजून गेला तो,
पण होता.

तर आता ती दहाला येते, दुकान रिकामं असताना.
फोन काउंटरवर, स्पीकर चालू.
रेकॉर्डिंगला हात लावत नाही, म्हणून बयाही येत नाही.
मी पंखा बंद करतो.
बिलबुकात कार्बन सरकवतो आणि लिहितो:
मंगळवार, दहा वाजून बारा,
एकशे पंच्याऐंशी, तीन क्विंटल, शुक्रवारचा टेम्पो.
शेठ खोकला तर तेही लिहितो,
ओळख पटायला.
एक कागद तिला, एक मला.
तिचा अंगठा खाली, शाई माझ्या शिक्क्याची.

कागदाला त्याचा आवाज नाही,
हे आम्हा दोघांना ठाऊक आहे.
मागच्या शुक्रवारी तिने तो टेम्पोसमोर धरला,
शेठ म्हणाला, "हे तर पोरानं खरडलंय."
तरी एकशे सत्तर दिले.
दहा रुपये कशाचे, ते मला अजून कळलं नाही,
कागदाचे की लाजेचे.

काल लिहिता लिहिता पान उलटलं,
जरा जोरात.
पलीकडून शेठ थांबला.
"कोण आहे गं तिथं?"

चंद्रभागेने माझ्याकडे पाहिलं,
पेनकडे पाहिलं,
बंद पंख्याकडे.

"कोण नाय," म्हणाली,
"वारा हाय."