सोळा ओळी

बी गुलाबी निघालं. पाकिटातून तळहातावर ओतलं
आणि नारायण पेठेतलं दुकान आठवलं,
जिन्याखालचं, जिथे एकतीस वर्षं
मी ह्याच रंगाच्या हिरड्या ओतल्या.
औषध लावलंय, खाऊ नये, असं पाकिटावर बारीक अक्षरात.
मी चष्मा न लावता वाचलं,
म्हणजे अंदाजानं.

धायरीत घरामागे दहा बाय आठची पट्टी आहे.
संक्रांत उरकल्यावर चार ओळींत चार-चार टोचले.
शरयू म्हणाली, कुंपणालगत एका रांगेत लाव, शोभा येईल.
मी म्हटलं, रांगेत मका एकटा पडतो,
त्याला घोळक्यात उभं करायचं असतं.
हे मला संदीपाननं सांगितलं होतं,
वरच्या खोलीतल्या, अंबाजोगाईकडच्या,
राज्यसेवेची पुस्तकं उशाशी घेऊन झोपणाऱ्या.
पण शरयूला मी ते माझंच म्हणून ऐकवलं.

गुडघ्याएवढी झाली आणि पोंग्यात ओला भुसा दिसला.
लष्करी अळी.
माळ्यावरून मेण कोरायची हत्यारं काढली,
आकडीवाली, चपटी, सुईच्या टोकाची,
आणि सोळा पोंगे एकेक करून साफ केले.
आ करा, असं कुणाला म्हणावं लागलं नाही.

मग तुरे आले.
वारा नाही आला. समोर सात मजले उभे राहिलेत,
तो त्यांच्यापलीकडेच कुठेतरी वळतो.
म्हणून सकाळी साडेसातला, ऊन चढायच्या आत,
संदीपान आणि मी एकेका ताटाला मानगुटीला धरून
हलवायचो.
पिवळी पूड त्याच्या केसांत, माझ्या भुवयांवर.
"काका, एक केस म्हणजे एक दाणा.
जो केस कोरडा राहिला, तिथे फट."
इतकी वर्षं फटींवरच घर चालवलं मी,
आणि हे ठाऊक नव्हतं.
कणसाच्या तोंडाशी लोंबणारं ते ओलसर जावळ
बोटानं विंचरत राहिलो,
त्याच्या देखत जरा लाजतच.

यादी लागली त्या दिवशी तो खाली उतरला नाही.
दुसऱ्याही दिवशी नाही.
शरयूनं दाराबाहेर झाकून ठेवलेलं ताट
तसंच परत आणलं.
मी एकट्यानंच हलवली, पण कोपऱ्यातलं एक
राहून गेलं.

वीस-बावीस दिवसांनी जावळ तपकिरी, चुरचुरीत.
सोलून नाही बघायचं, वरूनच दाबायचं,
शेंड्याशी नख रुतवलं तर दूध यायला हवं:
पाणी आलं तर कच्चं, पीठ आलं तर गेलं.
दूध आलं.
मी जिन्यातून हाक मारली,
"आधी पातेलं चढव, पाणी खळखळलं की सांग,
मग तोडतो. तोडल्यापासून साखर कमी व्हायला लागते."
"तुम्हाला नाहीतरी चालत नाही साखर," शरयू आतून.
संदीपान हाफ चड्डीतच खाली आला,
दाढी वाढलेली.
कणीस हातात घेऊन खाली वाकवलं, पिळलं,
कट्.
तो आवाज त्याच्या हाताला माहीत होता.

पहिली चार भरगच्च. मोजलं, सोळा ओळी.
"समच असतात," तो म्हणाला, "विषम कधी नाही."
जबड्यासारखंच, मी म्हटलं.
मग कोपऱ्यातलं सोललं.
अर्ध्याच्या वर बोळकं. इथे तीन दाणे, मध्ये मोकळं,
मग एक सुटा, सुळ्यासारखा पुढे आलेला.
मी सवयीनं उजेडाकडे धरलं, फिरवून बघितलं,
"मंगळवारी या," म्हटलं,
"खालची कवळी पूर्ण करावी लागेल."
संदीपान हसला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा,
आणि बेसुमार, तारेला धरून.

शरयूनं स्वतःचे दात वाटीत काढून ठेवले.
मीच बनवलेले. अजून म्हणते, उजवीकडे टोचतात.
सुरीनं दाणे खरवडून लोणी घातलं
आणि ते बोळकं कणीस आपल्याकडे ओढलं,
"ह्याचं पटकन होतं," म्हणाली.
जोंधळी हावऱ्यासारखा खात होता पोरगा,
कडेनं, टाईपरायटरसारखा,
हनुवटीवरून रस.
पुढचा फॉर्म कधी, असं कुणी विचारलं नाही.

परसात अजून सहा कणसं उभी आहेत.
एकाला पोपटानं शेंड्याकडून सोललंय.
आज पाणी नाही, टँकर उद्या येईल.