बारमाही

ऑक्टोबरच्या शेवटच्या गुरुवारी
फेर्नां लाकोर्स्येर आला, टोपी हातात धरून,
जणू मी डॉक्टर आहे आणि गाडी त्याची आजारी पोर.
"ओडील, बघ जरा. एवढा हिवाळा काढतील ना?"

मी खिशातलं दोन डॉलरचं नाणं काढलं,
टायरच्या खाचेत उभं खोवलं.
नाण्यावरचं पांढरं अस्वल उघडंच राहिलं,
रबर त्याच्या पंज्यांपर्यंतही पोचलं नाही.
"उन्हाळा काढतील," मी म्हटलं.

"पण बारमाही आहेत की! दुकानदारानं शपथ घेतली होती."

बारमाही.
हा शब्द कुणीतरी अशा गावात काढला असणार
जिथे बारा महिने एका पंगतीला बसतात.
इथे हर्स्टमध्ये, अकरा नंबरच्या हायवेवर,
पाच महिने उरलेल्या सातांना ओळखही दाखवत नाहीत.

पारा सातच्या खाली गेला की ते रबर
शिळ्या पावाच्या कडेसारखं होतं.
रस्ता असतो, पण धरता येत नाही.
हिवाळी टायर मऊच राहतो; त्याच्या अंगावर
केसाएवढ्या बारीक चिरा, शेकड्यांनी,
आणि प्रत्येक चीर बर्फाला चिमटीत पकडते.
हे मी दर वर्षी दोनशे वेळा सांगते.
बाबांनी मला एकदाच सांगितलं होतं,
चरातून ओढून आणलेल्या एका गाडीकडे बोट दाखवून.
गाडी रिकामी होती. मी विचारलं नाही.

फेर्नांनं किंमत ऐकली.
भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बराच वेळ पाहिलं.
"टिकतात किती?"
"पाच हिवाळे. जपून चालवलीस तर सहा."
तो हसला. "मी एक्याऐंशीचा.
उरलेले हिवाळे कुणाच्या नावावर करू?"

मग म्हणाला, "दोनच लाव. पुढचे."

नाही.
पुढची चाकं थांबतील, आणि मागच्यांना
थांबल्याचा निरोपच पोचणार नाही.
वळणावर गाडी गर्रकन फिरून बघेल
आपण निघालो कुठून होतो.
एक पाय जानेवारीत, एक जुलैत,
असं कुणी उभं राहत नाही, फेर्नां.

तो गप्प. कॉम्प्रेसर आपोआप सुरू झाला,
आपोआप थांबला.

दर गुरुवारी तो कापुस्केसिंगला जातो,
जाऊन-येऊन दोनशे किलोमीटर,
वाटेत मूस, लाकडांचे ट्रक, आणि चार वाजताचा अंधार.
तिथल्या शुश्रूषागृहात त्याची सिमोन असते.
गावाला हे ठाऊक आहे. मलाही.
ठाऊक नव्हतं ते त्यानं आत्ता सांगितलं,
टोपीच्या आतल्या शिवणीकडे बघत:
"मी कोण, हे ती विसरली.
पण दार उघडलं की विचारते,
रस्ता कसा होता?"

थोड्या वेळानं:
"चारही लाव."

जुने चार मी मागच्या शेडमध्ये रचले,
चिठ्ठीवर त्याचं नाव लिहायला पेन काढलं.
"सिमोनचं लिही," तो म्हणाला.
"एप्रिलात कुणीतरी न्यायला यायला हवं."

बाहेर बर्फाचा मागमूस नव्हता.
कोरड्या डांबरावर नवे टायर
घशातल्या घशात गुणगुणत गेले.

दारात पुढची गाडी लागलीच होती.
काच अर्धी खाली आली.
"नुसती हवा बघ गं," आतला पोरगा म्हणाला,
"बर्फाला अजून वेळ आहे."