उरलेली ऊन भरतं

निघता निघता मी परत तंबूत शिरले.
विश्राम बाहेर, बुटांच्या नाड्या आवळून तयार:
"अगं, ऊन चढायच्या आत बिनी दरवाजा गाठायचाय."
म्हटलं, गादीची हवा काढते थोडी.
"रात्री पायपंप मारून माझ्या पोटऱ्या भरून आल्या,
आणि आता काढतेस?"
थोडी, म्हटलं. सगळी नाही.

झडपेवर अंगठा दाबला.
श्वास आला रबराचा, कालच्या रात्रीचा,
आम्हा दोघांच्या पाठींचा.
कोपर टेकवून पाहिलं, खळगा पडला, हळूहळू वर आला.
एवढं पुरे.

आमचं आडनाव भोकरे, दुकान पंक्चरचं.
नाना पेठेत निम्मे लोक यावरच हसायचे.
बाबा घमेल्यात ट्यूब फिरवायचे,
बुडबुडा दिसला की लगेच बोट त्यावर,
चोर सापडल्यासारखं.
चैत्र लागला की मात्र पंप मध्येच थांबायचा.
गिऱ्हाईक म्हणायचं, टाइट भरा की.
"एवढीच माझी. उरलेली ऊन भरतं."
न पटणारे पुढच्या चौकात जाऊन भरून घ्यायचे
आणि दुपारी कोर्टाच्या आवारात
एखादी सायकल फुटायची, उभ्या उभ्या.
कुणी बसलेलं नाही, कुणी हात लावलेला नाही.
धावतीचं एवढं भय नसतं, बाबा सांगायचे,
एकटी उभी राहते तिला जपायचं.

तंबूची दोन्ही दारं मी उघडी बांधली.
उशांची सगळी हवा काढून पिशवीत कोंबल्या.
गादी बाहेर ओढली, गर्द निळी, ऊन पिणारी,
आणि आंब्याच्या पूर्वेला, भर उन्हात टाकली.
विश्राम बघतच राहिला. "सावली पलीकडे आहे."
आत्ता आहे. दोनला इकडे येईल.
तोवर वर पांढरी चादर,
चार कोपऱ्यांना धरणकाठचे चार गोटे, टोक नसलेले.

शेजारी वाकडची पोरं उतरली होती.
त्यांचा लाल सोफा इतका तट्ट
की टिचकी मारली तर वाजेल.
म्हटलं, बाळांनो, थोडी काढा याची.
"काकू, ब्रँडेड आहे."

माचीवरून गुंजवणीचं पाणी दिसलं, ताटलीएवढं.
काठावर आपला तंबू कुठला, ते काही कळेना.
गरम वारा सुटला होता.
रस्तारुंदीत दुकान गेलं त्या दिवशी
बाबांनी पंप घरी आणला, कॉटखाली सरकवला.
जेवले. आमटी चांगली झालीय म्हणाले.
दुसऱ्या दिवशीही तेच. महिनाभर तेच.
त्यांना झडप होती का, कुठे होती,
आमच्यापैकी कुणी चाचपून पाहिलं नाही.
मे महिना, दुपार, खुर्ची.
घरात कुणी नव्हतं.

"काय गं?" विश्रामनं विचारलं.
पाण्याची बाटली दे म्हटलं.

उतरलो तेव्हा चार वाजून गेलेले.
सोफ्याला एका बाजूनं गळू आलं होतं, कलिंगडाएवढं.
पोरं फोनवरून कंपनीला शिव्या घालत होती.
माझा हात पिशवीतल्या ठिगळाच्या डबीकडे गेला
आणि परत आला.
ठिगळ बाहेरच्या भोकाला लागतं.
आतला पडदा सुटला की
वरून कुठे चिकटवणार?

आमच्या गादीवर सावली होती, पण हातभर चुकली होती;
एक कोपरा उन्हात, कढत.
बाकीच्या भागात धरणावरचं कुत्रं झोपलेलं,
चादरीवर, नखं मिटून, मालकासारखं.
विश्राम हसला तो हसतच सुटला.

रात्री गारवा पडला. गादी आणखी मऊ झाली.
"जमीन टोचतेय," अंधारातून आवाज आला.
उठले. पाय चाचपडत पंपावर ठेवला.
एक, दोन, तीन,
आंब्यात काहीतरी फडफडलं,
दहा, अकरा.
बारावा राहू दिला.