टेलरचा शिंपी

लीड्सहून पत्र आलं: आमचे खापरपणजोबा
साताऱ्याच्या छावणीत पलटणीचे कपडे शिवत.
आडनाव टेलर. पण त्याआधी, बाई लिहितात,
हँबुर्गच्या बोटीतून उतरले तेव्हा श्नायडर.
धक्क्यावरच्या कारकुनाला ते लिहिता येईना.

मी रुमाल सोडले. कसर झटकली.
टेलर कुठेच नाही. तेली आहे, टाळे आहे.
मोडीत शब्दाला शब्दापासून सुटका नाही,
सगळी अक्षरं हात धरून एका दमात पळतात.

अकराव्या दिवशी, सदर बझारच्या जमाखर्चात:
‘हेनरी शिंपी, गोरा. सुया दोन पुड्या. बाकी सव्वा रुपया.’
आमच्या कारकुनाने नाव ऐकलंच नसणार,
अर्थ विचारला असणार.

बाईंना नक्कल पाठवली. पुढचं लिहिलं नाही:
की आम्हीही शिंपीच होतो,
आजोबांनी शाळेत भुईंजकर लावलं,
मास्तरांनी दाखल्यावर भुजकर केलं,
तेच चालू आहे;
आणि त्याच पानावर, खालच्याच ओळीत,
कोणी गणू शिंपी. सुया एक पुडी.
गाव भुईंज. बाकी: तीच.

रुमाल परत बांधला.
गाठ जरा सैलच बसली.